कर्ता कोण? : विश्वासस्थानी असलेला अपराधी, सराईत गुन्हेगार आणि मराठीची निवाडाभाषा

१

अपराध्याचा निवाडा न्यायालयात होतो, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी होय. न्यायालयाचा निकाल लागण्याच्या पुष्कळ आधी बातमीच्या पहिल्या ओळीत, चार माणसांच्या बोलण्यात, एखाद्या नाट्यपरीक्षणातील विशेषणात भाषा आपला निकाल देऊन मोकळी झालेली असते. आणि ह्या निकालावर बहुधा कोणी अपील करीत नाही. प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो ह्या भाषिक निकालाचा. अपराध दोघांनी केला. त्यांपैकी एक अपराधावरच उपजीविका करणारा, दुसरा समाजाने विश्वासाने अधिकारपदावर बसविलेला. मराठी ह्या दोघांविषयी कोणत्या रूपांत बोलते? आणि आपल्या साहित्याने व समीक्षेने त्या बोलण्यापुढे मान तुकविली, की त्याची तपासणी केली?

हा प्रश्न केवळ शब्दांचा आहे असे कोणी समजू नये. ज्याला भाषेत कर्ता नाही त्या कृत्याचा जाब कोणाला विचारावयाचा, हे ठरविणे समाजाला कठीण जाते. उलटपक्षी, ज्याचे नावच कृत्याने बनलेले आहे त्याला जाब विचारण्याची गरजच कोणास वाटत नाही. त्याचा निकाल नावातच लागलेला असतो. ह्या दोन्ही टोकांना न्यायाची हानी होते, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

एक खुलासा प्रारंभीच केलेला बरा. ह्या लेखात ज्यांच्या अपराधाचा वा आरोपाचा विचार केला आहे, ते कोणत्याही पदावरचे असोत, त्यांचा उल्लेख एकवचनात केला आहे. त्याचे कारण पुढील विवेचनात स्पष्ट होईल.

२

प्रथम नामांचा विचार करू. चोर, दरोडेखोर, लुटारू, भामटा, उचल्या, खिसेकापू, घरफोड्या, गुंड : मराठीत अशी कर्तृवाचक नामे विपुल आहेत. ती कृत्यावरून निघतात आणि माणसाला जाऊन चिकटतात. घरफोड्या झोपलेला असतानाही घरफोड्याच असतो. आता दुसरी मालिका पाहावी : अपहार, अफरातफर, गैरव्यवहार, अनियमितता, कर्तव्यात कसूर, पदाचा गैरवापर, कोठडीतील मृत्यू. ही सर्व भाववाचक नामे किंवा तशा अर्थाचे शब्दसमूह आहेत. ती घटनेला नाव देतात, माणसाला देत नाहीत. अफरातफर करणाऱ्याला एका शब्दात काय म्हणावे हे मराठी बोलणाऱ्यास चटकन सांगता येणार नाही. अनियमितता तर जणू ऋतूंप्रमाणे आपोआप घडते. पहिली मालिका आपण सराईतासाठी राखून ठेवतो, दुसरी अधिकाऱ्यासाठी.

ह्यावर कोणी ‘लाचखोर’ हा शब्द पुढे करील, आणि तो आक्षेप योग्यच आहे. दरोडेखोर आणि लाचखोर ह्या दोन्ही शब्दांत ‘खोर’ हा फारसी प्रत्यय एकच आहे. परंतु वाक्यातील त्यांची जागा पाहिली म्हणजे भेद ध्यानात येतो. ‘दरोडेखोर पकडला गेला’ ह्या वाक्यात दरोडेखोर हे स्वतंत्र नाम आहे. ‘लाचखोर’ मात्र बहुधा विशेषण म्हणून येतो : लाचखोर तलाठी, लाचखोर हवालदार, लाचखोर कारकून. विशेष्य तलाठीच राहते; लाच हा त्याला लागलेला डाग ठरतो. ‘सराईत गुन्हेगार’ ह्या शब्दप्रयोगात ही रचना नेमकी उलटी आहे. तेथे गुन्हेगारी हेच विशेष्य, आणि विशेषण केवळ तिची मात्रा सांगते. सराईत म्हणजे सरावलेला, मुरलेला. हातखंड्याने केलेल्या कामाला आपण ‘सराईतपणे केले’ असे म्हणतो, त्यात निंदा नसते. ती येते शेजारच्या विशेष्यामुळे.

शिवाय विशेषणाचा हा डागदेखील पदाच्या पायऱ्या चढता चढता फिकट होत जातो. तलाठी लाचखोर असतो. त्याच्या वरच्या अधिकाऱ्याने लाच स्वीकारल्याचा आरोप असतो. आणि मंत्र्याच्या खात्यात गैरव्यवहार झाल्याची चर्चा असते. कृत्य एकच असले तरी नामाकडून विशेषणाकडे, विशेषणाकडून भाववाचकाकडे आणि तेथून चर्चेकडे असा हा प्रवास आहे.

दुसरी गोष्ट क्रियापदाची. ‘पोलिसांनी त्याला ठार केले’ आणि ‘तो ठार झाला’ ह्या दोन वाक्यांत प्रेताच्या दृष्टीने काही भेद नाही. पहिल्यात मारणारा आहे, दुसऱ्यात नाही. ‘चकमकीत गुंड ठार’ ही शीर्षकाची ठरीव रचना तर क्रियापदही टाकून देते. ‘गुंड’ हे कर्तृवाचक नाम तेवढे शिल्लक राहते, आणि वाक्यात काही करण्याची क्षमता असलेला तोच एक उरतो. मेलेला मनुष्य कर्ता आणि मारणारा अनुपस्थित, अशी ही विलक्षण रचना आपण इतक्या वेळा वाचली आहे की ती विलक्षण आहे हेच आपल्याला जाणवत नाही.

तिसरी गोष्ट आदरार्थी बहुवचनाची. चोरट्याने खून केला तर त्याला अटक होते. निरीक्षकाने खून केला तर त्यांना अटक होते. ‘त्याला’ आणि ‘त्यांना’ ह्यांतील अनुस्वाराएवढ्या बिंदूत आपली सामाजिक श्रेणी साठविलेली आहे. आदरार्थी बहुवचन हा मराठीचा सुसंस्कृत गुण आहे, ह्यात संशय नाही. परंतु आदर हा पदाला दिलेला असतो, आणि ज्या वाक्यात त्या पदाचाच घात झाल्याचे आपण सांगत आहोत, त्या वाक्यातही तो यंत्रवत् चालू राहावा, हे विचारणीय आहे. न्यायालयीन कागदांत सर्वजण ‘आरोपी क्रमांक अमुक’ असतात. तेथील रूक्षपणात एक प्रकारची समता आहे.

३

ही व्याकरणचर्चा जमिनीवर आणण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. बोनकोडे हे ठाणे-बेलापूर पट्ट्यातील जुने गाव आज नवी मुंबईच्या वस्तीत सामावले आहे. तेथून जवळच असलेल्या वाशीतून ११ नोव्हेंबर २००६ रोजी रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया ह्यास त्याच्या एका मित्रासह पोलिसांनी उचलून नेले. त्याच संध्याकाळी मुंबईत वर्सोव्यानजीक तो मरण पावला. तो छोटा राजन टोळीचा हस्तक असून चकमकीत ठार झाला, असे पोलिसांचे म्हणणे होते. त्याच्या वकील भावाने मात्र त्याला उचलून नेल्याची तक्रार त्याच दिवशी तारांनी अधिकाऱ्यांस कळविली होती, आणि पुढे हाच पुरावा महत्त्वाचा ठरला. उच्च न्यायालयाच्या आदेशाने दंडाधिकाऱ्याची चौकशी झाली, २००९ साली विशेष तपास पथक नेमले गेले. सोबत नेलेला मित्र हा खटल्यातील प्रमुख साक्षीदार; २०११ साली, साक्ष होण्यापूर्वीच, त्याचाही मृतदेह सापडला. २०१३ साली सत्र न्यायालयाने एकवीस जणांस दोषी ठरविले, त्यांत तेरा पोलीस होते. प्रदीप शर्मा ह्या ख्यातनाम अधिकाऱ्यास मात्र निर्दोष सोडले. १९ मार्च २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे व न्यायमूर्ती गौरी गोडसे ह्यांच्या खंडपीठाने ती निर्दोषता रद्द करून त्यास जन्मठेप दिली, आणि बारा माजी पोलीस व एक नागरिक ह्यांची शिक्षा कायम केली. ह्या निकालाविरुद्ध शर्मा सर्वोच्च न्यायालयात गेला असून तेथे त्यास जामीन मिळाला आहे. तेव्हा अंतिम शब्द न्यायसंस्थेचाच राहील.

आपल्यापुढील प्रश्न वेगळा आहे. ह्या प्रकरणात भाषा कोणत्या बाजूने उभी होती? ‘चकमक’ ह्या शब्दाचा मूळ अर्थ अग्नी पाडण्याचे साधन : गारगोटीवर पोलाद आपटावयाचे. दोन कठीण वस्तू परस्परांवर आदळल्या म्हणजे ठिणगी पडते. लढाईच्या अर्थाने हा शब्द वापरताना दोन्ही बाजूंनी आघात झाला हे त्यात गृहीतच असते. म्हणून ‘चकमकीत ठार’ ह्या दोन शब्दांत एक पूर्ण विधान दडलेले असते : त्यानेही गोळी झाडली. हे विधान कोणी सिद्ध केलेले नसते. ते नामात बसून येते, आणि नामाला पुरावा मागण्याची आपली रीत नाही. उच्च न्यायालयाने ज्या घटनेला बनावट चकमक व थंड डोक्याने केलेला खून मानले, तिच्याविषयी मराठीत अनेक वर्षे ‘चकमक’ हेच नाम चालत होते.

ह्याहून बोलका शब्द ‘चकमकफेम’. नाटक-सिनेमाच्या जाहिरातींत एखाद्या गाजलेल्या कलाकृतीच्या नावापुढे ‘फेम’ लावून नटाची ओळख करून देण्याची प्रथा आहे. तोच शब्द वृत्तपत्रीय मराठीने पोलीस अधिकाऱ्यांस जोडला. येथे अधिकाऱ्यालाही शेवटी कर्तृवाचक उपाधी मिळाली. परंतु ती निंदेची नव्हे, रंगभूमीवरच्या गौरवाची होती. गुंडाच्या नावामागे ‘कुख्यात’ आणि अधिकाऱ्याच्या नावामागे ‘चकमकफेम’. दोन्ही विशेषणे कीर्तीचीच, आणि दोन्ही कीर्ती माणसे मारल्याच्या.

ज्या काळात हा शब्द रुजला त्या काळाविषयी अन्याय होऊ नये. वडाळ्यास ११ जानेवारी १९८२ रोजी मन्या सुर्वे पोलिसांच्या गोळ्यांनी मारला गेला, तेव्हापासून ह्या प्रकारच्या कारवायांची चर्चा मुंबईत सुरू झाली. १९९७ ह्या एकाच वर्षात कामगारनेते दत्ता सामंत आणि ध्वनिफीत-व्यावसायिक गुलशन कुमार ह्यांचे खून झाले. खंडणीच्या भयाने शहर ग्रासले होते. भयग्रस्त माणूस रक्षकाच्या हातातील शस्त्राचा हिशेब मागत नाही, हे मानवी आहे. परंतु त्या क्षणीच्या भयाने घडविलेले शब्द भय सरल्यावरही चालत राहतात, आणि पुढील पिढी त्यांतूनच विचार करू लागते. चकमकींच्या चौकशीसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली महाराष्ट्रातीलच प्रकरणांच्या निमित्ताने मार्गदर्शक सूत्रे घालून दिली. शब्दांसाठी अशी सूत्रे कोणी घालून देत नाही. ते काम अभ्यासकांचे आहे.

ह्याच परिसरातील दुसरे प्रकरण विश्वासाचे स्वरूप अधिक स्पष्ट करते. नवी मुंबई पोलीस दलातील एक महिला अधिकारी एप्रिल २०१६ मध्ये बेपत्ता झाली. तिच्या खुनाबद्दल पोलीस निरीक्षक अभय कुरुंदकर ह्यास पनवेल सत्र न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये जन्मठेप दिली. ती बेपत्ता असल्याची तक्रार झालेली असतानाच, जानेवारी २०१७ मध्ये, त्याला राष्ट्रपतिपदक जाहीर झाले होते. सराईताला आपला चांगला लौकिक उभा करता येत नाही. अधिकाऱ्याचा लौकिक मात्र संस्था उभा करते, आणि तपास सुरू होण्यापूर्वी त्याच्याभोवती ती एक तट बांधून ठेवते.

४

आता विधीकडे वळू. लोकभाषेने जी उतरंड रचली आहे ती विधीच्या भाषेत आढळत नाही. किंबहुना तेथे ती उलटी आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत साध्या चोरीस तीन वर्षांपर्यंत कारावास होता. फौजदारीपात्र न्यासभंग, म्हणजे विश्वासाने सोपविलेल्या मालमत्तेचा अपहार, ह्यासही तीन वर्षेच. पण तो कारकुनाने वा नोकराने केल्यास सात वर्षांपर्यंत, आणि लोकसेवकाने केल्यास जन्मठेप अथवा दहा वर्षांपर्यंत. विश्वास जसजसा मोठा, तसतशी शिक्षा मोठी. ज्या पदाच्या पायऱ्यांवर आपल्या वृत्तपत्रांतील निंदा फिकट होत जाते, त्याच पायऱ्यांवर विधीची शिक्षा कठोर होत जाते.

दुसरी तरतूद ह्याहूनही अर्थपूर्ण आहे. ज्यास मालमत्तेविषयीच्या वा नाण्यांविषयीच्या गंभीर गुन्ह्याबद्दल पूर्वी शिक्षा झाली आहे आणि जो पुन्हा तशाच गुन्ह्यात दोषी ठरतो, त्यास कलम ७५ अन्वये वाढीव शिक्षा होती : जन्मठेप अथवा दहा वर्षांपर्यंत. म्हणजे एका पारड्यात सराईताची पुनरावृत्ती आणि दुसऱ्यात लोकसेवकाचा एकच विश्वासघात ठेवला, तर संहितेचा काटा मध्यावर राहतो. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेने काही मर्यादा बदलल्या, साध्या न्यासभंगाची मर्यादा पाच वर्षे केली. परंतु लोकसेवकाच्या न्यासभंगाविषयीची आणि पुनरावृत्त गुन्ह्याविषयीची कमाल मर्यादा तीच राहिली. विश्वासघात आणि सराव हे दोन्ही अपराधाचे वजन वाढविणारे घटक आहेत, आणि समप्रमाणात आहेत, असा हा विचार आहे. विधीने अधिकाऱ्याला ढाली पुरविल्या नाहीत असे नाही. लोकसेवकावर पदाच्या कामातील कृत्याबद्दल खटला भरण्यास सरकारची पूर्वमंजुरी लागते, ही त्यांतील मोठी ढाल. तथापि दोषाचे मोजमाप करताना विधीने पदाला सवलत मानलेले नाही.

आश्चर्य असे की विधीचा हा विचार मराठीच्या म्हणींना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. ‘कुंपणानेच शेत खाल्ले’ ही म्हण घ्यावी. शेतात शिरणाऱ्या गुरांविषयी आपल्याकडे म्हणींचा तुटवडा नाही, परंतु त्यांत हा हताश सूर नाही. गुराने खाल्ले तर शेतकरी कुंपण घालतो. कुंपणाने खाल्ले तर घालावयाचे काय? ‘चोर सोडून संन्याशाला फाशी’ ही दुसरी म्हण निवाडा करणाऱ्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करते. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की पहिल्या म्हणीत कर्ता स्पष्ट आहे, आणि ‘ने’ प्रत्ययाला जोडलेला ‘च’ त्या कर्त्यावर बोट ठेवतो. शेताचे खाणे झाले, शेतात अनियमितता आढळली, असे म्हण म्हणत नाही. तेव्हा दोष मराठी भाषेच्या प्रकृतीत नाही. तो आपल्या लेखी, औपचारिक, प्रतिष्ठित मराठीने अलीकडे पत्करलेल्या सवयीत आहे.

५

साहित्यसमीक्षेत ही सवय कशी शिरली ते पाहण्यासाठी ‘घाशीराम कोतवाल’ ह्या नाटकाइतके दुसरे उपयुक्त उदाहरण नाही. घाशीराम सावळदास हा १७७७ पासून पुण्याचा कोतवाल. १७९१ च्या ऑगस्टमध्ये त्याच्या हुकमाने कोंडलेल्या तेलंग ब्राह्मणांपैकी पुष्कळजण गुदमरून मेले, आणि क्षुब्ध जमावाने त्यास दगडांनी ठेचून मारले. ह्या विषयावर मोरोबा कान्होबा ह्यांचे पुस्तक १८६३ सालीच प्रसिद्ध झाले होते. विजय तेंडुलकर ह्यांचे नाटक १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने जब्बार पटेल ह्यांच्या दिग्दर्शनाखाली प्रथम रंगमंचावर आणले. लवकरच त्या संस्थेने प्रयोग थांबविले. पुढे थिएटर अकादमीने ते नाटक चालविले, आणि १९८० च्या युरोप दौऱ्याच्या वेळीही त्यावरून वाद झाला.

ह्या वादाचा विषय कोणता होता? नाना फडणवीस ह्या राजकारणी पुरुषाचे चित्रण अनैतिहासिक व बदनामीकारक आहे, हा मुख्य आक्षेप. समर्थकांनीही उत्तर दिले ते बहुतांशी त्याच रिंगणात : नाटक ऐतिहासिक नाही, नाना हे निमित्त आहे, विषय सत्तेचा आहे. ह्या उत्तरांत तथ्य आहे. परंतु एक गोष्ट चर्चेत क्वचितच आली. नानाच्या कीर्तीसाठी मोठा वाद उभा राहिला. घाशीरामच्या कीर्तीसाठी तसा उभा राहिला नाही. उलट त्याचे विशेषनाम आपल्या राजकीय लेखनात जवळजवळ सामान्यनाम होऊन बसले. म्हणजे नाटकातील दोन अधिकाऱ्यांपैकी एकाला आपण कर्तृवाचक नाम बनविले, आणि दुसऱ्याच्या बाबतीत ‘चित्रणाचा प्रश्न’ हे भाववाचक चर्चेत आणले. नाटक ज्या व्यवहाराचे दर्शन घडविते, तो व्यवहार समीक्षेने प्रेक्षागृहाबाहेर पुन्हा एकवार पार पाडला.

नाटकाची रचना पाहिली तर हे अधिक स्पष्ट होते. घाशीराम आरंभी पुण्यात येतो तो उपरा म्हणून. दक्षिणेच्या गर्दीत त्याच्यावर चोरीचा खोटा आळ येतो, त्यास मारहाण होते, कोठडीत टाकले जाते. ‘चोर’ हे नाम त्याला कृत्यापूर्वीच चिकटते. त्यानंतर तो स्वतःची कन्या नानाच्या स्वाधीन करून त्या मोलाने कोतवाली मिळवितो, आणि ज्या शहराने त्याला चोर ठरविले त्या शहरावर अधिकृत जुलूम करू लागतो. त्याचा जुलूम सराईताचा आहे, पण साधने सरकारी आहेत : परवाना, झडती, कोठडी, शिक्का. नाना मात्र अगदी प्रथमपासून हिशेबी आहे. आपली पापे कोतवालाच्या खात्यावर जमा होतील हे ओळखूनच तो नेमणूक करतो. अखेरीस ब्राह्मण मरतात, जमाव चालून येतो, आणि नाना घाशीरामला जमावाच्या हवाली करणारा हुकूम देतो. जमाव तृप्त होतो. शहरात उत्सव होतो.

ह्या शेवटाचा अर्थ ‘जुलमी अधिकाऱ्यास शासन झाले’ असा घेणारा प्रेक्षक जमावात सामील होतो. नाटकाचे खरे बळ आपल्याला ह्या सामीलकीची लाज वाटावयास लावण्यात आहे. कारण घाशीरामला दगड मारणाऱ्यांचा राग खोटा नाही. मेलेली माणसे खरीच मेली आहेत. तथापि त्या रागाने वाक्य अपुरे सोडले. कोतवालाने मारले, एवढे वाक्य जमावाने उच्चारले. कोतवालास कोणी, कशासाठी, कोणत्या मोबदल्यात नेमले, हे उपवाक्य गाळले. प्रयोगातील माणसांची भिंत, जी मिटते आणि उघडते, तिचा रंगतंत्र म्हणून पुष्कळ गौरव झाला आहे. ह्या विवेचनाच्या दृष्टीने ती भिंत म्हणजे वाक्यातला लपविलेला कर्ता होय.

६

श्री. दा. पानवलकर ह्यांची ‘सूर्य’ ही कथा आणि तिच्यावर आधारलेला, तेंडुलकरांची पटकथा लाभलेला गोविंद निहलानी ह्यांचा ‘अर्धसत्य’ हा १९८३ चा हिंदी चित्रपट ह्या विषयाला दुसऱ्या बाजूने भिडतात. चित्रपटातील अनंत वेलणकर हा फौजदार प्रामाणिक आहे. रामा शेट्टी हा सराईत, आणि राजकारणाच्या आश्रयाने अस्पर्श्य. अपमान गिळता गिळता वेलणकरचा तोल जातो, आणि त्याच्या कोठडीत एका किरकोळ चोरीच्या संशयिताचा त्याच्या मारहाणीने अंत होतो. चित्रपटाचे सामर्थ्य असे, की तो वेलणकरला क्षमा करीत नाही. परंतु सहानुभूतीची वाटणी पाहण्यासारखी आहे. फौजदाराला बालपण आहे, जुलमी बाप आहे, प्रेम आहे, लाज आहे. रामा शेट्टीला केवळ सत्ता आहे. आणि जो मेला त्याचे नावही प्रेक्षकाच्या स्मरणात राहत नाही. तो ‘चोर’ म्हणून येतो आणि ‘कोठडीतील मृत्यू’ म्हणून जातो. अधिकाऱ्याच्या अपराधाला कारणे असतात, सराईताच्या अपराधाला स्वभाव असतो. दुसऱ्या भागात वर्णिलेले व्याकरण येथे कथानकाच्या पातळीवर अवतरले आहे.

लक्ष्मण गायकवाड ह्यांच्या ‘उचल्या’ ह्या १९८७ च्या आत्मकथनाचे महत्त्व ह्या संदर्भात आगळे आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक जातीजमातींना जन्मतःच गुन्हेगार मानले. १९५२ साली तो कायदा रद्द झाला, आणि ‘विमुक्त’ हा नवा शब्द आला. परंतु गावाच्या तोंडी जुनी नामेच राहिली. ‘भामटा’ हा शब्द आज आपण कोणत्याही ठकासाठी वापरतो तेव्हा तो एका जमातीचेही नाव आहे हे विसरून गेलेलो असतो. गायकवाडांनी असेच एक कर्तृवाचक नाम ग्रंथाचे शीर्षक केले, आणि त्याच्या आत प्रथमपुरुषी ‘मी’ बसविला. ‘उचल्या’ ह्या नामाला भूक आली, आजोबा आले, शाळा आली. आणि ह्या कथनात पोलीस येतो तो झडती घेणारा, मारणारा, पैसे मागणारा म्हणून. सक्रिय क्रियापदांचा सुस्पष्ट कर्ता म्हणून. १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभलेल्या ह्या ग्रंथाची चर्चा दलित व भटक्या-विमुक्तांच्या साहित्याच्या दृष्टीने भरपूर झाली. मराठी निवाडाभाषेचा उलट फिरविलेला आरसा म्हणून ती व्हावयास हवी. ज्याला आपण नामाने ओळखत होतो त्याला ह्या ग्रंथाने वाक्य दिले, आणि ज्याला आपण वाक्यातून वगळत होतो त्याला पुन्हा कर्त्याच्या जागी आणून बसविले.

७

ह्या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की अधिकाऱ्याने आयुष्यभर केलेली सेवा हिशेबात धरावयास नको काय? विधीही आरोपीचे चांगले पूर्वचरित्र प्रस्तुत मानतो, आणि वाईट पूर्वचरित्र, चांगल्याचा दावा झाल्याखेरीज, अप्रस्तुत ठरवितो. हा नियम उदार आहे, आणि तो सराईतालाही संरक्षण देतो हे विसरता कामा नये : चोर असणे हा ही चोरी केल्याचा पुरावा नव्हे. परंतु पूर्वचरित्र हे ‘केले किंवा नाही’ ह्या प्रश्नापुरते उपयोगी आहे. केल्याचे सिद्ध झाल्यावर तोच लौकिक विश्वास संपादनाचे साधन ठरला असेल, तर तो जमेच्या बाजूला कसा मांडता येईल? सराईत स्वतःच्या बळावर दार फोडतो. अधिकाऱ्याला किल्ली आपण दिलेली असते.

दुसरा आक्षेप ह्याच्या उलट. मग अधिकाऱ्यांनाही तितकीच जळजळीत नामे का देऊ नयेत? ‘वर्दीतला गुंड’ असे म्हणून हिशेब चुकता करावा! ह्या मार्गाचा शेवट घाशीरामच्या शेवटात दिसून येतो. नाम फेकून मारले की जमावाचे समाधान होते आणि चौकशी थांबते. एका अधिकाऱ्याला राक्षस ठरविले म्हणजे त्याला शस्त्र, मुभा आणि पदक देणारे सर्वजण सज्जन राहतात. सराईताच्या बाबतीत जी चूक आपण शतकभर केली, माणसाला नामात गाडून टाकण्याची, ती दुसऱ्या वर्गाच्या बाबतीत करून समता साधणार नाही.

मार्ग तिसराच आहे आणि तो व्याकरणाच्या अगदी प्राथमिक पाठात सापडतो : वाक्य पुरे करावे. कोणी केले, कोणास केले, कोणत्या साधनाने केले, ते साधन त्याच्या हाती कोणी दिले. ही चार पदे दोन्ही वर्गांच्या अपराध्यांना सारखीच लावावी. त्यांपैकी शेवटच्या पदाचे उत्तर सराईताच्या बाबतीत बहुधा ‘त्याने स्वतः’ असे येईल, आणि अधिकाऱ्याच्या बाबतीत ‘आपण’ असे येईल. दोघांच्या अपराधांतील खरा भेद हाच, आणि विश्वासघात अधिक का दुखतो ह्याचेही उत्तर ह्यातच आहे. ते उत्तर टाळण्यासाठीच भाववाचक नामे आपल्या इतकी उपयोगी पडतात. ‘अनियमितता आढळली’ असे म्हटले की आढळलेल्या वस्तूत आपला स्वतःचा हात दिसत नाही.

पदव्युत्तर अभ्यासकांना ह्या दिशेने पुष्कळ काम करता येईल. एखाद्या दैनिकाच्या एका दशकाच्या अंकांतून अपराधवृत्तांतील कर्तृवाचक व भाववाचक नामांची, सकर्मक व अकर्मक क्रियापदांची, एकवचनाची व आदरार्थी बहुवचनाची पदनिहाय नोंद केली, तर येथे मांडलेले प्रतिपादन कोठे टिकते आणि कोठे दुरुस्त करावे लागते हे निश्चितपणे कळेल. समीक्षकांनीही पात्रांचा निवाडा करताना स्वतःचे वाक्य एकवार तपासून पाहावे. मराठीच्या जुन्या म्हणीने कुंपणाला ‘ने’ लावण्याचे धैर्य दाखविले होते. आपल्या आजच्या प्रतिष्ठित गद्याने निदान तेवढे तरी दाखवावे.